‘नाही’ म्हणण्याचे इंग्रजी शब्द, डिनायपासून रिनाउन्सपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कागद मराठीत आणि मराठी कागद इंग्रजीत करणं हे माझं रोजचं काम. कोर्टाचे कागद, विम्याची पत्रं, परदेशी निघालेल्या मुलांचे दाखले, गावाकडच्या जमिनीचे दस्त. या कामात सगळ्यात जास्त विचारणा होते ती ‘नाकारणे’ या एका क्रियापदाबद्दल. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत वीस, त्यातला कुठला घालायचा? शब्द चुकला की अर्ज परत येतो, कधी हक्क जातो, कधी माणूस दुखावतो. म्हणून आलेले प्रश्न एकत्र करून इथे सविस्तर उत्तरं दिली आहेत.

इंग्रजीत इतके शब्द कशाला? नाकारणे म्हणजे नाकारणेच ना?

मराठीतही ते एकच नाही, फक्त आपल्या लक्षात येत नाही. कोर्ट अर्ज फेटाळतं, मुलगी स्थळ नाकारते, आरोपी गुन्हा नाकबूल करतो, स्वाभिमानी माणूस लाच धुडकावतो, रागावलेला बाप मुलाचं नाव टाकतो, बहीण माहेरच्या जमिनीवर पाणी सोडते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा. ‘आरोपीने गुन्हा फेटाळला’ असं कुणी म्हणालं तर लगेच खटकतं.

इंग्रजीत शब्द निवडताना मी एकच गोष्ट आधी विचारते : नाकारलं ते नक्की काय? कुणाचं म्हणणं नाकारलं असेल तर डिनाय. मागणी किंवा काम नाकारलं असेल तर रिफ्यूज. पुढे ठेवलेली वस्तू, अर्ज किंवा प्रस्ताव नको म्हटला तर रिजेक्ट. निमंत्रण किंवा मान हात जोडून परत केला तर डिक्लाइन. आपलं स्वतःचं असलेलं काही सोडलं तर रिनाउन्स किंवा रिलिंक्विश. नातं तोडलं तर डिसओन. स्वतःचाच शब्द मागे घेतला तर रिट्रॅक्ट किंवा रिकँट. आणि ‘ही जबाबदारी माझी नाहीच’ म्हटलं तर डिस्क्लेम किंवा रिप्यूडिएट. कोशात हे सगळे शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसलेले असतात, पण कागदावर त्यांचं काम वेगवेगळं असतं.

‘हि डिनाइड टु कम’ हे वाक्य चूक का? आम्ही तर रोज असंच बोलतो.

आपल्याकडच्या इंग्रजीतली ही बहुधा सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक आहे. ‘तो यायला नाही म्हणाला’ हे वाक्य डोक्यात असतं आणि ‘नाही म्हणाला’च्या जागी डिनाय येऊन बसतं. पण डिनायचा संबंध घडलेल्या किंवा सांगितलेल्या गोष्टीशी असतो, पुढे करायच्या कामाशी नसतो. काम करायला नकार दिला की रिफ्यूज : ‘हि रिफ्यूज्ड टु कम’.

डिनायच्या पुढे ‘टु’ लावून क्रियापद येत नाही. ‘हि डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतल्याचं त्याने नाकबूल केलं. ‘हि रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ म्हणजे पैसे घ्यायला त्याने नकार दिला. पहिल्या वाक्यातल्या माणसावर आरोप आहे, दुसऱ्यातला माणूस सरळ आहे. एका चौकशीच्या कागदात मी या दोन वाक्यांची अदलाबदल झालेली पाहिली आहे. ज्या कारकुनाने पैसे हातात धरायलाच नकार दिला होता, तो इंग्रजी प्रतीत पैसे घेऊन वर कानांवर हात ठेवणारा ठरला होता. प्रत पुढे जाण्याआधी ती चूक सापडली, एवढंच बरं झालं.

मग ‘ही वॉज डिनाइड एन्ट्री’ कसं चालतं? तिथे तर कुणी काही सांगितलेलं नाही.

डिनायचा हा दुसरा उपयोग आहे : एखाद्याला त्याचं मागणं किंवा हक्काचं काही मिळू न देणं. प्रवेश, जामीन, व्हिसा, न्याय. इथे रिफ्यूजही चालतो, पण डिनायमध्ये ‘जे मिळायला हवं होतं ते दिलं नाही’ अशी बोच जास्त आहे. पाण्यापासून वंचित ठेवणं, शाळेपासून वंचित ठेवणं याला इंग्रजीत डिनाय हाच शब्द येतो. मराठीत अशा वेळी ‘नाकारणे’पेक्षा ‘वंचित ठेवणे’ किंवा ‘मिळू न देणे’ लिहावं.

माणसालाही डिनाय करता येतं. येशूला अटक झाल्यावर ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असं त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, त्याला इंग्रजी बायबल डिनाय म्हणतं आणि मराठी बायबलही ‘नाकारणे’च म्हणतं. ओळख देण्याचंच नाकारणं हा या शब्दाचा सगळ्यात दुखरा अर्थ.

आणि एक मनाचा डिनाय आहे. मरण समोर दिसत असलेल्या रुग्णाच्या मनाचे पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये मांडले, त्यातला पहिला टप्पा डिनायल. त्याचं भाषांतर ‘नाकारणे’ किंवा ‘इन्कार’ केलं की तो रुग्ण खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. ‘मन मानायला तयार नाही’ हे आपलं वाक्य त्याला बरोबर लागू पडतं.

बातम्यांत ‘आरोप रिफ्यूट केले’ लिहितात. ते डिनायसारखंच ना?

नाही, आणि हा फरक टिकावा असं मला मनापासून वाटतं. डिनाय म्हणजे ‘हे खोटं आहे’ असं म्हणणं. रिफ्यूट म्हणजे ते खोटं आहे हे पुराव्याने दाखवून देणं. रिबट हा मधला शब्द आहे. समोरच्याच्या मुद्द्याला उलट मुद्दा किंवा पुरावा देऊन उत्तर द्यायचं, मग तो मुद्दा पूर्ण कोसळो न कोसळो. कायद्यात ‘रिबटेबल प्रिझम्प्शन’ म्हणतात ते यावरूनच. एखादी गोष्ट खरी धरून चालायचं, पण उलट पुरावा द्यायची मुभा ठेवायची.

हीच पडझड मराठीतही झाली आहे. खंडन म्हणजे तुकडे करणं. आपल्या वादपरंपरेत आधी समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडायचा, मग एकेक मुद्दा घेऊन तो मोडायचा, त्याला खंडन म्हणत. आज पत्रकार परिषदेत कुणी ‘हे सगळं राजकीय हेतूने चाललंय’ एवढं म्हणून उठलं तरी दुसऱ्या दिवशी ‘आरोपांचे खंडन’ असा मथळा येतो. तिथे ‘इन्कार’ पुरे. रिफ्यूट आणि खंडन हे दोन्ही शब्द कष्ट केलेल्या माणसासाठी राखून ठेवावेत.

कोर्टाच्या कागदात ‘डिनाइड’ नुसतं लिहिलं तर चालतं का?

चालत नाही. आपल्या तालुका कोर्टातल्या मराठी कैफियतींत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरांत, एक वाक्य ठरलेलं असतं : ‘वादीने कलम ३ मध्ये लिहिलेला मजकूर खोटा व लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ नव्या मुलांना हे वाक्य जुनाट वाटतं, पण त्यातला कलमाचा आकडा फार मोलाचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की वादीचं म्हणणं मोघम नाकारून भागत नाही, एकेक विधान वेगळं घेऊन नाकारावं लागतं. जे विशिष्टपणे नाकारलेलं नाही ते कबूल धरलं जातं.

त्याच आदेशात टाळाटाळीच्या नकाराबद्दल एक नियम आहे, तो मला फार आवडतो. समजा आरोप असा आहे, की प्रतिवादीने अमुक रक्कम घेतली. त्यावर ‘मी तेवढी रक्कम घेतली नाही’ एवढंच म्हणून चालणार नाही. ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही असं म्हणा, नाहीतर किती घेतली ते सांगा. पाच हजारांचा आरोप असेल आणि घेतले चार हजार, तर ‘पाच हजार घेतले नाहीत’ हे अक्षरशः खरं आणि तरी लबाडीचं. कायद्याने ही पळवाट बुजवून टाकली आहे.

भाषांतर करताना मी ‘डिनाइड’ला ‘नाकबूल’ आणि ‘नॉट ॲडमिटेड’ला ‘मान्य नाही’ ठेवते. ‘डिनाइड फॉर वाँट ऑफ नॉलेज’ असेल तर ‘माहितीअभावी नाकबूल’.

रिजेक्ट आणि डिसमिस?

रिजेक्टच्या लॅटिन मुळात ‘परत फेकणं’ आहे. इंजेक्ट, प्रोजेक्ट, इजेक्ट ही सगळी त्याच फेकण्याची भावंडं. दिवाणी दाव्यात वादपत्र रिजेक्ट होतं ते दावा चालण्याआधीच, वादपत्रातच दोष असल्यामुळे. दोष दुरुस्त करून आणि मुदत शिल्लक असेल तर नवं वादपत्र दाखल करता येतं. दावा डिसमिस होणं ही वेगळी गोष्ट, तिथे दावाच निकाली निघतो. मराठीत दोन्हींना ‘फेटाळला’ म्हणतात आणि पक्षकार घरी जाऊन ‘केस हरलो’ म्हणून सांगतो. वादपत्र रिजेक्ट झालं असेल तर मी ‘वादपत्र नामंजूर’ लिहिते.

डिक्लाइन कधी वापरायचा?

नको म्हणायचं आहे पण समोरच्याचा मान राखायचा आहे, तेव्हा. डिक्लाइनच्या मुळाशी कलणं, वाकणं आहे, इन्क्लाइनचा तो भाऊ. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण लग्नाच्या बोलाचालीत मिळतं. मुलगी पसंत नाही असं कुणी सांगत नाही. ‘योग दिसत नाही’, ‘पत्रिका जुळत नाही’, ‘एवढ्यात करायचं नाही म्हणतोय’, असा निरोप जातो. त्या निरोपात जी काळजी आहे ती डिक्लाइनमध्ये आहे. तिथे रिजेक्ट लिहिलं तर ‘मुलगी नापास केली’ असं होतं. एका वधूपित्याचं इंग्रजी पत्र मी याच कारणासाठी बदलून दिलं होतं. परदेशातल्या कुटुंबाला कळवायचं होतं आणि पत्रात ‘वुई रिजेक्ट युअर सन’ असं लिहिलेलं होतं.

मोठे सन्मान नाकारतानाही हाच शब्द येतो. ज्यां-पॉल सार्त्र यांनी १९६४ चं साहित्याचं नोबेल डिक्लाइन केलं, ले दुक थो यांनी १९७३ चं शांततेचं. बोरिस पास्तरनाक यांनी १९५८ मध्ये आधी आनंदाने होकार कळवला आणि मग देशातल्या दडपणामुळे नकार कळवावा लागला. शब्द तिथेही डिक्लाइनच आहे, पण तो त्यांच्या मनातून आलेला नव्हता.

कार्ड चालत नाही तेव्हा यंत्रावर ‘डिक्लाइन्ड’ उमटतं. तिथे मात्र ‘व्यवहार नामंजूर’ एवढंच.

रिनाउन्सला मराठीत ‘त्याग’ म्हणायचं का?

बहुतेक वेळा हो. पण रिनाउन्समध्ये एक गोष्ट आहे जी ‘त्याग’मध्ये नेहमी असतेच असं नाही : जाहीर करणं. लॅटिनमध्ये नुन्तियुस म्हणजे निरोप्या. अनाउन्स, प्रोनाउन्स, डिनाउन्स आणि रिनाउन्स ही सगळी त्या निरोप्याची लेकरं. मनातल्या मनात चहा सोडला तर तो रिनाउन्स नाही. चारचौघांसमोर सांगून, लिहून किंवा शपथ घेऊन सोडलं तर रिनाउन्स.

महाराष्ट्राला याचं सगळ्यात मोठं उदाहरण माहीत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २२ प्रतिज्ञांपैकी १९ व्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा ‘त्याग करतो’ आणि बौद्ध धर्माचा ‘स्वीकार करतो’ असे दोन शब्द जोडीने येतात. इंग्रजी रूपांतरात तिथे रिनाउन्स आहे, आणि तो अगदी जागेवर आहे. स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, एकेक वाक्य उच्चारून केलेला तो त्याग होता. इथे कुणी ‘लेफ्ट’ किंवा ‘गेव्ह अप’ लिहिलं तर मी ते कापते.

शेअर बाजारात मात्र हा शब्द वेगळाच वागतो. कंपनी आपल्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करते तो राइट्स इश्यू. त्याच्या अर्जात ‘रिनाउन्स’ म्हणजे आपल्याला मिळालेला शेअर घेण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे सोडणं. त्याचे पैसेही मिळू शकतात. तिथे ‘त्याग’ शब्द घातला तर वाचणारा गोंधळेल, ‘हक्क सोडणे’ बरं.

मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. त्याने भारताचं नागरिकत्व रिनाउन्स केलं की सरेंडर?

हा प्रश्न पुणे-नाशिककडच्या आईवडिलांकडून फार येतो, आणि विचारताना आवाज जरा खाली येतो.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम ८ मध्ये रिनन्सिएशन : सज्ञान नागरिकाने स्वतः घोषणा करून नागरिकत्व सोडायचं. कलम ९ मध्ये टर्मिनेशन : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं, त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही. तुमच्या मुलाचं बहुधा कलम ९ खाली, शपथ घेतली त्याच दिवशी संपलं. नंतर वकिलातीत जाऊन तो सरेंडर करतो तो पासपोर्ट. त्यावर मिळणारं प्रमाणपत्र पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या अर्जाला जोडावं लागतं.

अमेरिकेच्या शपथेत शब्द आहेत ‘रिनाउन्स अँड ॲबज्युअर’ : आजवर ज्या परकीय राजाचा किंवा राज्याचा मी नागरिक होतो त्याच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडतो. एका आजोबांना नातवाच्या समारंभाचं पत्रक मराठीत वाचून दाखवताना मी या ओळीशी अडखळले. ‘म्हणजे आपल्याला नाकारलं का त्याने?’ असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं ते आजही तसंच सांगेन. सोडली आहे ती राज्याबद्दलची निष्ठा. घर, भाषा, माणसं यांतलं काहीही त्या वाक्यात नाही. ते सोडण्यासाठी इंग्रजीत डिसओन आणि फोरसेक असे वेगळे शब्द आहेत, आणि ते त्या शपथेत कुठेच येत नाहीत. आजोबांनी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

राजा गादी सोडतो तेव्हा ॲब्डिकेट, मग पदवी सोडताना?

इंग्रज या बाबतीत फार काटेकोर आहेत. आठव्या एडवर्डने १९३६ च्या डिसेंबरात गादी सोडली ते ॲब्डिकेशन, आणि त्या दस्ताच्या आत शब्द आहे रिनाउन्स, ‘माझ्यासाठी आणि माझ्या वंशजांसाठी’. ॲब्डिकेट हे कृत्याचं नाव, रिनाउन्स हा ते करणारा शब्द. उमरावाचा पिढीजात किताब सोडायचा तर मात्र डिस्क्लेम. १९६३ चा पीअरेज कायदा झाला आणि त्याखाली राजकारणी टोनी बेन यांनी आपला किताब डिस्क्लेम केला, म्हणजे उमरावाला बंद असलेला हाउस ऑफ कॉमन्सचा रस्ता मोकळा करून घेतला.

रवींद्रनाथ टागोरांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर ‘सर’ ही पदवी परत केली. सगळे त्याला रिनाउन्स म्हणतात. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतः वापरलेला शब्द आहे ‘रिलीव्ह’ : मला या पदवीतून मोकळं करा. पदवी अंगावरचं ओझं झाली आहे हे त्या एका शब्दात आलं. म्हणूनच एखाद्याने काय केलं हे सांगताना त्याने स्वतः कुठला शब्द वापरला ते आधी शोधावं.

रिट्रॅक्ट, रिकँट आणि ॲबज्युअर यांत काय फरक?

तिन्हींत आपलंच म्हणणं मागे घेणं आहे. रिट्रॅक्ट सगळ्यात साधा. त्यात ओढणं आहे, ट्रॅक्टरमधलं तेच. वर्तमानपत्र बातमी मागे घेतं, संशोधक निबंध मागे घेतो, आरोपी कबुलीजबाब मागे घेतो. शेवटच्याला मराठीत आपण ‘जबाब फिरवला’ म्हणतो, पण त्यात लबाडीचा वास येतो. मारहाणीने घेतलेला कबुलीजबाब कुणी मागे घेतला तर ‘फिरवला’ लिहिणं त्या माणसावर अन्याय आहे. ‘मागे घेतला’ लिहावं.

रिकँटमध्ये श्रद्धा किंवा मत मागे घेणं आहे, तेही जाहीरपणे. त्याच्या मुळात गाणं आहे, आधी गायलेलं उलट गाऊन मिटवणं. १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स इथे, चर्चविरुद्ध लिहिणाऱ्या मार्टिन ल्यूथरला रिकँट कर म्हणून सांगितलं गेलं आणि त्याने ते केलं नाही.

ॲबज्युअर म्हणजे शपथेवर सोडणं. त्यातला ‘ज्युअर’ म्हणजे शपथ, ज्युरी आणि पर्जुरीमधला. गॅलिलिओने २२ जून १६३३ ला रोममध्ये गुडघे टेकून जे वाचलं ते ॲबज्युरेशन. पृथ्वी फिरते हे मत मी शपथपूर्वक टाकतो, त्याला शाप देतो, त्याचा तिरस्कार करतो. सत्तरीला टेकलेल्या माणसाकडून एवढी तीन क्रियापदं वदवून घेतली गेली. अंगठा उमटवून घेतलेल्या कुठल्याही कागदाचं भाषांतर करताना मला हे आठवतं.

याच्या उलटं टोक थॉमस क्रॅन्मरचं. कँटरबरीचा हा आर्चबिशप. इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात त्याने तुरुंगात, आपली प्रॉटेस्टंट मतं सोडल्याच्या, एकामागून एक रिकँटेशनच्या कागदांवर सह्या केल्या. २१ मार्च १५५६ ला ऑक्सफर्डमध्ये जाळण्याआधी त्याला शेवटचं बोलायला उभं केलं, तेव्हा त्याने त्या सह्याच मागे घेतल्या. म्हणाला, मनातल्या सत्याविरुद्ध या हाताने जे लिहिलं ते मी रिनाउन्स आणि रिफ्यूज करतो. चिता पेटल्यावर त्याने उजवा हात, सह्या करणारा, आधी आगीत धरला. रिकँट शब्द शिकवताना मी हाच प्रसंग सांगते.

विमा कंपनीच्या पत्रात ‘रिप्यूडिएट’ लिहिलंय. म्हणजे क्लेम रिजेक्ट झाला ना?

थांबा, घाबरून पत्र फाइलला लावू नका. आमच्याच इमारतीतल्या एक काकू असं पत्र घेऊन आल्या होत्या. काका गेल्याला चार महिने झाले होते. दोन पानी पत्र, मधोमध एक ओळ, त्यात ‘युअर क्लेम स्टँड्स रिप्यूडिएटेड’. मुलाने मोबाइलवर अर्थ पाहिला, तर ‘नाकारणे’. काकू म्हणाल्या, ‘नाही म्हणाले ना, मग संपलं.’

संपलेलं नव्हतं. रिप्यूडिएट म्हणजे ‘हे देणं आमच्याकडे लागूच होत नाही’ अशी भूमिका घेणं. शब्दाचं मूळ रोमन कायद्यातल्या रेपुदिउममध्ये आहे, म्हणजे नवऱ्याने बायकोला सोडणं. मराठीत ‘टाकलेली’ म्हणतात तो भाव. करार होता, आणि एक बाजू तो मानत नाही. मग विचारायचं ते हे : कुठल्या कारणावर? काकूंच्या पत्रात कारण दिलं होतं, अर्ज भरताना जुना आजार लपवला. पॉलिसी सात वर्षांची होती. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, सांगतं की आयुर्विमा पॉलिसी सुरू होऊन किंवा पुन्हा चालू होऊन तीन वर्षं झाल्यावर तिच्यावर कुठल्याच कारणाने प्रश्न उभा करता येत नाही. आरोग्य विम्यासाठी अशी मुदत सलग ६० महिन्यांची आहे, सिद्ध झालेली फसवणूक तेवढी वगळून.

आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे, एक वर्षाच्या आत. मुंबईत आणि पुण्यातही लोकपालांचं कार्यालय आहे. काकूंचे पैसे मिळाले. ‘रिप्यूडिएट’चा अर्थ मी आता ‘दायित्व अमान्य’ लिहिते आणि खाली पेन्सिलने कारणाचा परिच्छेद क्रमांक टाकते.

बिल्डरने ‘आता फ्लॅट देणार नाही’ म्हटलं तर तेही रिप्यूडिएशन. त्यावर तुम्ही करार रद्द केलात तर ते रिसिंड, ज्याच्या मुळात कापणं आहे.

डिसओन आणि डिसअव्हाव?

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते : ‘माझा मुलगा माझ्या ऐकण्याबाहेर गेला असून त्याच्याशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही.’ हे डिसओन, आणि शेवटचं वाक्य डिस्क्लेम. अशा नोटिशीने वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा हिस्सा जात नाही. बापाने स्वतः कमावलेलं मात्र मृत्युपत्राने कुणालाही देता येतं. अशा नोटिशी मी भाषांतराला घेते तेव्हा एकदा विचारून बघते, चार दिवस थांबता का म्हणून.

डिसअव्हाव राजकारणातला शब्द आहे. ‘ते त्यांचं वैयक्तिक मत आहे, पक्षाचा त्याच्याशी संबंध नाही’ हे वाक्य इंग्रजीत एका शब्दात सांगायचं तर डिसअव्हाव. मराठीत हात झटकणे.

हक्कसोड पत्राला इंग्रजीत काय म्हणायचं?

दस्ताचं नाव रिलीज डीड, रिलिंक्विशमेंट डीडही म्हणतात. क्रियापद रिलिंक्विश : हातात असलेलं सोडणं. डिस्क्लेम नाही, कारण डिस्क्लेममध्ये ‘मी ते कधी घेतलंच नाही’ असं येतं. हक्कसोड करणाऱ्या बहिणीचा हक्क असतो, म्हणूनच तो सोडता येतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली, अविवाहित मुलींना महाराष्ट्राने हा हक्क १९९४ मध्येच दिला होता. स्थावर मिळकतीचा हक्कसोड नोंदणीकृत दस्तानेच होतो. साध्या कागदावर किंवा स्टँपवर सही घेऊन भागत नाही.

प्रत्येक हक्कसोड पत्रात एक ओळ असते : ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता.’ इंग्रजीत ती ‘ऑफ माय ओन फ्री विल’ होते. परदेशात असलेल्या एका बाईंसाठी मी हा दस्त इंग्रजीत करत होते, म्हणजे तिथे बसून त्यांना नीट वाचता यावा. व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, ‘ही ओळ परत वाचा.’ मी वाचली. त्यांनी विचारलं, ‘आणि मी सही केली नाही तर भाऊबीजेला जाता येईल का मला?’ दस्त त्या दिवशी तसाच राहिला. दीड वर्षाने वाटणीचा दस्त झाला आणि त्यांच्या नावे अठरा गुंठे आले, सातबाऱ्यावर नाव लागलं.

बोलीत यासाठी दोन सुंदर वाक्प्रचार आहेत, पाणी सोडणे आणि तुळशीपत्र ठेवणे. दोन्ही दानाच्या विधीतून आलेले. बुडालेल्या पैशावर पाणी सोडतात तेव्हा ते नाइलाजाचं असतं. इंग्रजीत या छटेला मला रिलिंक्विश पुरेसा वाटत नाही, वाक्य फोडूनच लिहावं लागतं.

कर्जमाफीतला वेव्ह म्हणजे हात हलवणं?

उच्चार एकच, शब्द वेगळा. माफीचा वेव्ह म्हणजे आपला घेण्याचा हक्क आपण होऊन सोडणं. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेसारख्या योजनांना इंग्रजी बातम्यांत ‘लोन वेव्हर’ म्हणतात. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे वेव्ह केलं असं नाही. तिथे फक्त हिशेबाच्या वहीतून रक्कम काढलेली असते, वसुली चालूच राहते. ही गल्लत करून अनेकजण हप्ता भरणं थांबवतात आणि अडचणीत येतात.

स्पर्न, रिबफ, एस्च्यू, गेनसे हे शब्द शिकायचे का?

वाचताना अडू नयेत एवढे. स्पर्नचा जुना अर्थ पायाने उडवणं, म्हणजे आपलं लाथाडणे जसंच्या तसं. रिबफ म्हणजे झिडकारणे. एस्च्यू म्हणजे निग्रहाने दूर राहणं, जसं कुणी मांसाहार वर्ज्य करतो. गेनसेमधला ‘गेन’ हा फायद्याचा नाही, तो ‘विरुद्ध’ या अर्थाचा जुना शब्द आहे. कुणाच्या विरुद्ध बोलणं, बहुधा ‘याला कुणी ना म्हणू शकत नाही’ अशा वाक्यात.

रिफ्यूजचा उच्चार दोन प्रकारे का ऐकू येतो?

क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या अक्षरावर आणि शेवट झऱ्यातल्या ‘झ’कडे झुकणारा : रिफ्यूझ. नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि शेवट ‘स’ : रेफ्यूस, अर्थ कचरा. नगरपालिकेच्या इंग्रजी निविदेत ‘रेफ्यूस कलेक्शन’ असतं त्याचं मराठी ‘कचरा संकलन’. मी एका छापील निविदेत त्याचं ‘नकार संकलन’ झालेलं पाहिलं आहे, तेही तीन ठिकाणी.